वारा चोख, व्यवस्था अर्धी: पुन्हा उघडलेल्या सेलिंग क्लबातले सहा शनिवार

दक्षिण मुंबईत बंदराच्या बाजूला असलेला आमचा सेलिंग क्लब जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात, कोरोनामुळे जवळजवळ दहा महिने बंद राहून, पुन्हा उघडला आणि १६ जानेवारी ते २० फेब्रुवारी असे सहा शनिवार मी तिथे काढले. पूर्वी शिकलेल्या पण हात बसलेला नाही अशा प्रौढांसाठी आठ खेपांचा उजळणी वर्ग, असे या सेवेचे स्वरूप आहे. पुढचे नियम, वेळा आणि दर फेब्रुवारी २०२१ च्या अखेरचे आहेत. क्लबाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे कुरकूर बरीच येणार आहे, आणि मला तिथे अजून दोन खेपा जायचे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण होड्यांच्या अवस्थेचा दोष सरसकट क्लबाच्या माथी मारणे बरोबर नाही. मुंबईत शिडाच्या होड्यांचा मोसम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या पाण्याबाहेर ओढायच्या, डोलकाठ्या उतरवायच्या, शिडे गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून गुंडाळून ठेवायची, ही सगळी मे महिन्याची कामे असतात. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली ती नेमकी या कामांच्या आधी, आणि मग ती करायला माणसेच धक्क्यावर पोहोचू शकली नाहीत. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्याच्या आदल्या दिवशी मिळतील तेवढे हात गोळा करून होड्या घाईघाईने वर घेतल्या, असे मला तिथल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले. शिडे तशीच खारट, ओलसर खोलीत पडून राहिली. जानेवारीत माझ्या वाट्याला आलेल्या लेझर नावाच्या छोट्या होडीच्या शिडावर बुरशीचे काळे ठिपके होते आणि दोऱ्या मिठाने अशा ताठरल्या होत्या की पहिल्या दिवशी साधी गाठही नीट बसेना. तरीही डोलकाठी, सुकाणू, टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) आणि पुलीज तपासून, लागेल तिथे बदलून ठेवलेल्या होत्या. ज्यावर जीव अवलंबून असतो ते आधी दुरुस्त केले आणि ज्याने फक्त डोळ्यांना त्रास होतो ते मागे ठेवले, हा क्रम मला पटला.

क्लब एवढ्या उशिरा का उघडला, याचे उत्तर क्लबापाशी नाही. ‘पुनश्च हरिओम’ म्हणत सरकारने जून २०२० मध्ये किनाऱ्यांवर आणि मैदानांत चालण्या-पळण्याची मुभा दिली, ऑक्टोबरमध्ये उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने उघडली, आणि नौकाविहार व जलक्रीडांना परवानगी मिळायला डिसेंबरची अखेर उजाडली. बंदिस्त हॉटेलात चार अनोळखी माणसांशेजारी तोंडावरचा मास्क काढून जेवायची परवानगी आधी आणि चार मीटरच्या होडीत एकट्याने भर वाऱ्यात बसायची परवानगी त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, हा हिशेब मला आजही लागलेला नाही.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. गर्दी टाळण्यासाठी क्लबाने दिवसाचे पाच भाग पाडले आहेत: ८, १०, १२, २ आणि ४ वाजता सुरू होणाऱ्या दीड-दीड तासाच्या बॅचेस, आणि मधला अर्धा तास होड्या व सामान पुसण्यासाठी. कागदावर ही आखणी निर्दोष दिसते, पण ती घड्याळाकडे पाहून केली आहे, समुद्राकडे पाहून नव्हे. हिवाळ्यात मुंबई बंदरात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो. ऊन चढले की तो मरतो, आणि समुद्रावरून खारा वारा उठायला दुपारचा एक तरी वाजतो. मधल्या दोन-अडीच तासांत पाणी तेलासारखे गुळगुळीत असते. १० च्या बॅचला पैसे भरणारा माणूस हा दीड तास टिलर धरून संक रॉकच्या दीपगृहाकडे पाहत बसतो, आणि त्याच्याकडून घेतलेले शुल्क मात्र २ वाजता दणकून वाऱ्यात सुटणाऱ्याइतकेच असते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी १० च्या चार खेपा अशा घालवल्या आणि शेवटी ते डबा घेऊन येऊ लागले. नवीन येणाऱ्यांनी २ किंवा ४ ची बॅच घ्यावी. ती भरली असेल तर ८ ची घ्यावी. १० ची फुकट मिळाली तरच घ्यावी.

भरती-ओहोटीचेही तेच. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हे कोळीवाड्यात पोराटोरांना ठाऊक असते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी आणि मोठी ओहोटी संध्याकाळी. ४ ची बॅच साडेपाचला परतते ती अशा दिवशी ओसरत्या पाण्यात, आणि होड्या पाण्यात उतरवायचा क्लबाचा उतार खालच्या टोकाला शेवाळाने निसरडा होऊन पुढे थेट गाळात संपतो. १३ फेब्रुवारीला, म्हणजे अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले असताना, मी आणि माझा भाऊ ट्रॉलीवरची होडी पोटरीभर गाळातून ओढत वर आणली, तेव्हा मदतीला एकच कर्मचारी होता, कारण ‘एका वेळी उतारावर तीनपेक्षा जास्त माणसे नकोत’ असा नियम भिंतीवर लावलेला आहे. नियम करणाऱ्याने एकदा तरी होडी गाळातून ओढावी. बॅचेसच्या वेळा दर पंधरवड्याला भरतीच्या कोष्टकाप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे सरकवल्या तरी हा प्रश्न सुटेल. मी तसे लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही.

प्रवेशद्वारापाशी काळजी घेण्यात क्लबाने कसूर ठेवलेली नाही, निदान दिसायला तरी. सुरक्षारक्षक कपाळावर तापमापकाची बंदूक रोखतो, बोटाला ऑक्सिमीटर लावतो, मोबाइलवर आरोग्य सेतू ॲपची हिरवी खूण पाहतो आणि तळहातावर सॅनिटायझर ओततो. त्यानंतर तो आपल्याला वहीत नाव, वेळ आणि तापमान लिहायला सांगतो, आणि त्या वहीला सुतळीने बांधलेले निळे बॉलपेन दिवसभर सगळ्यांच्या हातांतून फिरत असते. मी दुसऱ्या शनिवारपासून स्वतःचे पेन नेऊ लागले. तिसऱ्या शनिवारी माझे पेन मागच्या माणसाने ‘जरा देता का’ म्हणून मागितले. सॅनिटायझरबद्दल एक सूचना: मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी, ओढून तळहात सोलपटले असतील तर त्यावर तो असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येते. हातमोजे न्यावेत, आणि परतल्यावर साबणाने हात धुण्याचा आग्रह धरावा. नळ आहे, साबणही आहे, तो फक्त मागच्या बाजूला आहे आणि कोणी दाखवत नाही.

लाइफ जॅकेटांच्या बाबतीत क्लब चुकला आणि मग सावरला, हे त्याच्या खात्यावर जमा करायला हवे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बॅचनंतर जॅकेटांवर हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचा फवारा मारत होते. त्या वासाने डोळे चुरचुरायचेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की क्लोरीनने नायलॉनचे कापड, पट्टे आणि शिवण कमजोर होते, आणि लाइफ जॅकेट हे काही फरशी नाही. आमच्या प्रशिक्षकांनी हा मुद्दा लावून धरला. तिसऱ्या शनिवारी पाहिले तर दोन मोठ्या टबांत साबणाचे आणि साधे पाणी, वर दोरीवर वाळत घातलेली जॅकेटे, आणि प्रत्येकावर रंगीत फीत. फितीचा रंग वापरल्याचा वार सांगतो, आणि त्या वारानंतर तीन दिवस ते जॅकेट कोणाला द्यायचे नाही. साधी, स्वस्त आणि कोणालाही समजणारी पद्धत आहे. जॅकेटे यामुळे कमी पडतात, म्हणून स्वतःचे असल्यास न्यावे.

मास्कचा प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो माझ्यावरच गुदरला. सुरुवातीचा नियम असा होता की क्लबात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे पाण्यातसुद्धा, मास्क नाकावरच हवा. महापालिकेच्या २०० रुपयांच्या दंडाचा धसका हे त्यामागचे कारण असावे. २३ जानेवारीच्या दुपारी वायव्येचा वारा चांगलाच चढला होता. जाइब घेताना, म्हणजे वारा पाठीशी असताना होडी वळवताना, मी शीट सोडायला उशीर केला, शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, डोक्यावरून गेली आणि मी होडीच्या उलट बाजूने पाण्यात. होडी उलटणे या खेळात नवे नाही. अशा वेळी काय करायचे ते हाताला पाठ असते. पण वर आल्यावर मी श्वास घ्यायला तोंड उघडले आणि श्वास आलाच नाही. भिजलेल्या मास्कची तीनही पदरे नाकातोंडाला ओल्या पोळीसारखी चिकटली होती, आणि मी जितक्या जोराने हवा ओढत होते तितकी ती आत ओढली जात होती. हे सगळे तीन-चार सेकंदांचे असेल. मास्क ओरबाडून काढला, तो निळा तुकडा लाटेवर तरंगत दूर गेला, मग डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, उभी राहून मी होडी सरळ केली. प्रशिक्षक सेफ्टी बोट माझ्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर उभी करून भोंग्यातून सूचना देत होते आणि जवळ यायच्या तयारीत होते. किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी माझी चौकशी केली आणि तिथूनच कार्यालयात फोन लावला. पुढच्या शनिवारी भिंतीवरचा कागद बदललेला होता: धक्क्यावर आणि लाँचमध्ये मास्क, होडी सुटली की तो बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून जॅकेटला बांधायचा. नियम चुकला होता, आठवड्यात सुधारला, आणि चूक झाल्याचे तोंडावर मान्य केले. एवढे आपल्याकडे सहसा मिळत नाही.

शिकवण्याचा दर्जा उत्तम आहे आणि या वर्गाचे पैसे खरे तर त्यासाठीच द्यावेत. पूर्वी प्रशिक्षक आपल्याच होडीत बसायचे आणि आपली चूक होण्याआधी त्यांचा हात टिलरवर यायचा. आता ते सेफ्टी बोटीतून भोंग्यावर बोलतात, आणि आपल्याला एकट्याने सगळे करावे लागते. मला याचा फायदाच झाला. लेझर ही मुळात एका माणसाची होडी; ७ चौरस मीटरचे एकच शीड, एकच शीट, एकच डोके. बूम फिरायला जागा हवी म्हणून दोन होड्यांत अंतर ठेवावेच लागते, त्यामुळे सहा फुटांचा नियम इथे कोणाला आठवण करून द्यावा लागत नाही. शिवाय वर्षभर बंदरातली वर्दळ इतकी कमी होती की प्रवासी लाँचच्या लाटांनी होडी हेलकावण्याचा त्रास जानेवारीत जवळपास नव्हता. घारापुरीच्या बाजूला शीड ताणून निघावे आणि जवाहर द्वीपाच्या तेलवाहू जहाजांपासून ठरलेले अंतर राखून टॅक घेत, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने नागमोडी वळणे घेत, परत यावे, हा सरळ मार्ग मला पंधरा वर्षांत एवढा मोकळा कधी मिळाला नव्हता.

दोघांच्या होडीचा नियम मात्र गमतीचा आहे. एका होडीत दोघे हवे असतील तर ते ‘एका घरातले’ असावेत, आणि त्याचा पुरावा म्हणून आधार कार्डावरचा पत्ता पाहतात. माझा भाऊ डोंबिवलीला राहतो आणि मी मुलुंडला. आम्ही राखीपौर्णिमेला एका घरचे, पण आधार कार्डावर दोन घरचे, तेव्हा आम्हाला दोन लेझर घ्याव्या लागल्या आणि भाडेही दुप्पट पडले. या नियमाला माझी हरकत नव्हती, जोपर्यंत मी धक्क्यावरून नांगरलेल्या होड्यांपर्यंत नेणाऱ्या लाँचकडे पाहिले नव्हते. होडीत भावाशेजारी बसायला बंदी, आणि लाँचमध्ये दहा अनोळखी माणसे मांडीला मांडी लावून. दुसऱ्या शनिवारपासून तो प्रकार थांबला, पण तो क्लबाच्या कागदाने नव्हे, लाँचवरच्या तांडेलकाकांनी थांबवला. ‘ताई, पाचच. सहावा बसला तर मी दोरी सोडणार नाय,’ असे म्हणून ते इंजिन बंद करून बिडी शिलगावत. समितीतले एक ज्येष्ठ सभासद सहावे म्हणून चढले तेव्हाही त्यांनी दोरी सोडली नाही, आणि ते गृहस्थ दोन मिनिटांनी मुकाट्याने उतरले.

आता खरी तक्रार. कपडे बदलण्याच्या खोल्या पूर्णपणे बंद आहेत. घरूनच सेलिंगच्या कपड्यांत या आणि तसेच जा, असे सांगितले जाते. गाडीने येणाऱ्या सभासदाला यात काही वाटत नाही, तो सीटवर टॉवेल टाकून निघून जातो. मी लोकलने येते. जानेवारीत आम्हा बायकांना लोकलची मुभा सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर अशी होती. ११ ची गाडी धरून २ ची बॅच गाठता येते, पण साडेतीनला पाण्याबाहेर आल्यावर ३ ची वेळ उलटून गेलेली असते, आणि सातपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नाही. पहिल्या शनिवारी मी ओल्या, खारट कपड्यांत साडेतीन तास सीएसएमटीच्या परिसरात काढले. अंगावर मीठ वाळून पांढरे पट्टे उमटले होते आणि चहावाल्याने दुसरा चहा न मागता दिला. हवा खेळती नसलेली लहान खोली धोक्याची असते, हे मला मान्य आहे. पण त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची वातानुकूलित पत्त्यांची खोली उघडी होती आणि खिडकीतून चार टेबले भरलेली दिसत होती, हे मला मान्य नाही. कपडे बदलायला खोलीच हवी असेही नाही. मागच्या अंगणात, मोकळ्या हवेत, ताडपत्रीचे दोन आडोसे उभे करायला किती खर्च येतो? १ फेब्रुवारीपासून लोकल सर्वांसाठी दुपारी १२ ते ४ सुरू झाली तेव्हा माझा प्रश्न कसाबसा सुटला. २ च्या बॅचमधून पाण्याबाहेर येताच टॅक्सी करून चारच्या आत फलाट गाठता येतो. भावाने तोवरचे सगळे शनिवार डोंबिवलीहून मोटरसायकलने काढले, आणि सवय लागल्यामुळे पुढेही तीच आणतो.

पैशांचा व्यवहार चोख आहे, उदार मात्र नाही. खेपेमागे १५० रुपयांचे स्वच्छता शुल्क वेगळे आकारतात आणि त्याची पावती देतात. बंद काळातल्या वार्षिक वर्गणीचा काही भाग पुढच्या वर्षात वळता करावा, ही अनेकांची मागणी अजून ‘विचाराधीन’ आहे. कर्मचाऱ्यांचे पगार त्या वर्गणीतून दिले गेले असे सांगतात, आणि तसे असेल तर माझी वर्गणी मी आनंदाने सोडून देईन. फक्त हिशेब फलकावर लावावा. कँटीन बंद आहे, पाण्याची बाटली आणि खाणे घरून न्यावे. बारा वर्षांखालील मुलांच्या ऑप्टिमिस्ट होड्या अजून छपराखालीच आहेत, तेव्हा मुलांसाठी चौकशी करणाऱ्यांनी सध्या फोन करण्याची तसदी घेऊ नये.

पोहता येते, पूर्वी निदान एकदा शिडाची होडी हाताळली आहे आणि स्वतःचे वाहन आहे, अशांनी हा वर्ग डोळे झाकून घ्यावा. लोकलवर अवलंबून असलेल्या बायकांनी आधी परतीच्या गाडीचा आणि कोरड्या कपड्यांचा बंदोबस्त करावा. मी पिशवीत मोठी चादर आणि सेफ्टी पिना नेते आणि धक्क्यामागच्या भिंतीशी मैत्रिणीला आडोसा धरायला लावते, जे चाळिशीनंतर फारसे शोभत नाही, पण चालते.

२१ फेब्रुवारी २०२१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘मी जबाबदार’ ही कोरोनाविरोधी मोहीम जाहीर केली आणि रुग्णसंख्येचे आकडे पुन्हा चढू लागले, त्यामुळे क्लबाने बॅचमधली संख्या आणखी कमी केल्याचा निरोप आला आहे. माझ्या उरलेल्या दोन खेपांपैकी एक मी ६ मार्चच्या शनिवारी ४ च्या बॅचमध्ये घेतली आहे. त्या दिवशी अष्टमी आहे, भरती सहाच्या सुमारास, तेव्हा साडेपाचला परतताना पाणी उताराच्या वरपर्यंत असेल आणि ट्रॉली गाळात उतरवावी लागणार नाही. भावाने मोटरसायकलवर मुलुंडपर्यंत सोडायचे कबूल केले आहे.